एका चिपवर नऊ कुत्री

डेटावाला तिसऱ्यांदा शिंकला आणि म्हणाला, "तुमच्याकडे एका चिपवर नऊ कुत्री आहेत."

मी पिंजऱ्यांच्या चाव्या टांगायला ऑफिसात आले होते. मामा खिडकीत उभा राहून चहा फुंकत होता. त्याची फुंकर तिथंच अडकली.

"बसतात दाटीवाटीनं," मामा म्हणाला.

डेटावाला हसला नाही. त्यानं रुमालानं नाक पुसलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "मोती, राजा, टिपू, वाघ्या, शेरू, खंड्या, बंड्या, गबरू, साहेब. नऊ नावं, नऊ नोंदी. वजन किलोभर मागेपुढे, चिप एकच. यातली आठ दत्तक गेलीत. आठही एकाच बाईंकडे."

मी मामाकडे बघितलं. मामानं चहाकडे बघितलं.

"प्राणिप्रेमी असतील," मामा म्हणाला.

त्या बाई म्हणजे माझी मामी. मामीला कुत्र्याची इतकी भीती, की टीव्हीवर कुत्रं भुंकलं तरी पाय वर घेऊन बसते. आम्ही काम करतो त्या निवाऱ्याच्या फाटकाच्या आत तिनं आजवर पाऊल टाकलेलं नाही. मामा कामावरून आला की आधी अंघोळ, मग घर, असा तिचा कायदा आहे.

आता हे कसं झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोरगी मधूनच सुरू करते.

मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. घरी बसून मी आईशी दिवसातून चारदा भांडायला लागले, तेव्हा मामानं मला स्वतःच्या हाताखाली घेतलं. भटक्या आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांचा निवारा. पिंजरे धुवायचे, खायला घालायचं, फिरवायचं. कुत्री मला आवडतात, कारण ती "पुढं काय करणार आहेस" असं विचारत नाहीत. मामा मला तडतडी म्हणतो. कढईत मोहरी टाकल्यासारखी उडते म्हणे मी. समोरच्यानं तेल एवढं तापवलं तर मोहरी काय करणार?

तर निवाऱ्याचा एक नियम आहे. कुत्रं आलं की तीन महिने ठेवायचं. तेवढ्यात कुणी दत्तक नेलं तर उत्तम. नाहीतर सोमवारी गाडी येते आणि त्याला मोठ्या केंद्रात नेते. तिथं काय होतं ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. तिथून परत आलेलं कुत्रं मी पाहिलेलं नाही. मामानंही नाही, आणि मामाचे केस इथंच पिकलेत.

साहेब हा असला तीन महिन्यांत न खपणारा माल. काळा-तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, मिशा पांढऱ्या. बसतो असा, की समोर टेबल आहे आणि आपण अर्ज घेऊन आलोय. लोक पिल्लू न्यायला येतात, याच्यासमोर वाकून चुचकारतात, आणि हा त्यांच्याकडे बघतो, उद्या या म्हटल्यासारखं. शेपूट हलवायची तर नाहीच. कोण नेणार असल्याला? पण मी सकाळी पिंजरा धुवायला गेले की तो स्वतःहून उठून बाजूला होतो आणि माझं झालं की परत जागेवर बसतो. एवढी समज आमच्या घरात कुणाला नाही.

मामाचाही त्याच्यावर जीव. म्हणून मामानं एक रीत पाडली होती. तीन महिने भरत आले की सिस्टिममध्ये साहेबाला दत्तक गेला म्हणून दाखवायचं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन कुत्रं आलं म्हणून आत घ्यायचं. त्याच दिवशी आत घेता यायचं नाही, जुनी सिस्टिम तेवढी शहाणी होती. तेच नाव टाकलं तर जुनी नोंद उघडायची, म्हणून दर वेळी नाव नवीन. कर्मचाऱ्याला दत्तक देत नाहीत, म्हणून नाव मामीचं. नंबरही मामीचा, कारण मामाला पाठ असलेला तेवढा एकच नंबर आहे. सगळं बिनबोभाट चाललं होतं. फक्त कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या चिपचा आकडा मशीन स्वतः वाचून स्वतः भरायचं, आणि तिथं मामाचं लक्षच गेलं नाही. सोंगं नऊ केली, मुखवटा एकच.

आणि आता हा डेटावाला आला होता. वरच्या ऑफिसनं सगळ्या गावांतल्या निवाऱ्यांची माहिती एका नव्या सिस्टिममध्ये हलवायचं ठरवलं होतं. त्यानं पहिल्याच दिवशी मला समजावलं होतं. जुन्या घरातून सामान काढायचं, झटकून पुसून घ्यायचं, नव्या घरात लावायचं. काढणं, पुसणं, लावणं, एवढंच त्याचं सॉफ्टवेअर करतं.

"म्हणजे हमाल," मी म्हणाले होते.

"हो. फक्त हमालाची पाठ दुखते, माझी मान." मग तो शिंकला. त्याला कुत्र्यांच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. असल्या माणसाला इथं पाठवणारं ऑफिस आमचंच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

तर त्या पुसण्यात आमची नऊ कुत्री एकमेकांना चिकटली.

मामा बाहेर सटकल्याबरोबर मी खुर्ची ओढून डेटावाल्यासमोर बसले. "त्यातल्या आठ ओळी पुसून टाका."

"पुसता येत नाहीत. जुन्यातून जेवढ्या उचलल्या, तेवढ्यांचा हिशोब नव्यात लागला पाहिजे. एक कमी पडली की वरून मला फोन येतो."

"मग एक वाढवा."

"वाढली की दोन फोन येतात."

"मग राहू द्या ना नऊच्या नऊ! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"नव्या सिस्टिममध्ये एका चिपला एकच जनावर. दुसरं घेतच नाही ती. नवाचं एक करावंच लागेल." त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "खरा कुत्रा कुठलाय यातला?"

माझी नजर आपोआप पिंजऱ्यांकडे गेली.

"तो पिंजऱ्यात बसलेला? हेडमास्तरसारखा?"

"साहेब," मी म्हणाले. "आणि तुमची ती नवी सिस्टिम त्याला सोमवारी गाडीत घालणार आहे ना? एवढंच सांगा. हो की नाही?"

"ते मी नाही ठरवत. नऊ ओळींतली कुठली तारीख धरायची हे तुमच्या मॅडमनी सांगायचं. पहिल्या ओळीची धरली तर कुत्रा इथं दोन वर्षांहून जास्त आहे. शेवटच्या ओळीची धरली तर अजून तीन महिने व्हायचेत. मी सोमवारीच लेखी विचारलंय त्यांना."

"मग?"

"नोंद घेतली म्हणाल्या."

डोकंच फिरलं माझं. मॅडम म्हणजे आमच्या निवाऱ्याच्या प्रमुख. त्यांच्या तोंडून हो किंवा नाही असं मी कधी ऐकलेलं नाही. गटार तुंबलं, नोंद घेतली. खायची पोती ओली झाली, नोंद घेतली. माझा हात कुत्र्यानं फोडला तेव्हा मी रक्त टिपत उभी होते आणि बाईंनी नोंद घेतली.

मी मामाकडे गेले. तो पोत्यांमागे बसून बिजागरीला तेल घालत होता. त्या बिजागरीला सकाळपासून हे तिसरं तेल.

"मामा, तू मॅडमशी बोल."

"बघू."

"बघू काय? सोमवारी गाडी आहे!"

"अगं, असल्या गोष्टी आपोआप थंड होतात. आपण हलवलं की उकळतात. बघू."

मामाचं बघू आणि मॅडमची नोंद, या दोन जात्यांमध्ये मी वर्षभर दळली जातेय. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "तुझ्या मामाला लहानपणी आग लागल्याचं सांगितलं तरी बघू म्हणायचा." म्हणजे हे आमच्या रक्तातच आहे. मला तेवढं वगळून.

बुधवारी डेटावाला मॅडमच्या केबिनमध्ये गेला, तशी मी पण मागोमाग घुसले. मॅडमच्या खुर्चीमागे प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं, सगळ्या निवाऱ्यांत सर्वाधिक दत्तक. काच रोज पुसली जाते. पिंजऱ्यांपेक्षा जास्त वेळा.

डेटावाल्यानं मला सांगितलेलं सगळं परत सांगितलं. पहिली ओळ की शेवटची.

"नोंद घेतली," मॅडम म्हणाल्या.

"नोंद नको, उत्तर हवंय," मी म्हणाले.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "ही इथं कशाला?"

"चाव्या द्यायला." मी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. म्हणजे आपटलाच.

"या विषयावर आपण सगळ्यांनी एकदा बसायला हवं," मॅडम म्हणाल्या.

"बसलोच आहोत की! उभी मी एकटी आहे!"

डेटावाला शिंकला. मुद्दाम शिंकला की काय कोण जाणे, पण माझं पुढचं वाक्य त्यात वाहून गेलं. मग तो अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, एक बारीक गोष्ट राहिली. पहिली ओळ धरली, तर कुत्रा इथून कधी बाहेर गेलाच नाही असं ठरतं. म्हणजे ती आठ दत्तकं झालीच नाहीत. मागचे सगळे आकडे तेवढे उतरतील. शेवटची धरली, तर आधीचं जसंच्या तसं इतिहासात राहतं."

मॅडमची मान हळूहळू वळली, भिंतीवरच्या काचेपर्यंत गेली आणि परत आली. गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या नंबरवाल्यांच्या दोनच दत्तकांनी पुढे होतो, हे सगळ्या निवाऱ्याला तोंडपाठ आहे. त्यांनीच पाठ करून घेतलंय.

"शेवटची," मॅडम म्हणाल्या. "आणि याची नोंद घेऊ नका."

बाहेर आल्यावर मला नाचावंसं वाटलं. डेटावाल्यानं तेही नासवलं. "फार खूष होऊ नकोस. शेवटच्या ओळीचे तीन महिनेही पुढच्या आठवड्यात भरतायत. नवी सिस्टिम येत्या आठवड्यात भरणाऱ्यांना सोमवारीच यादीत घेते."

"मग एवढं रामायण कशाला केलं आपण?"

"मी माल हलवतो, ठेवतो. मालाचं काय करायचं ते मालकांनी बघावं." तो खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागला, आधीच बांधलेली. "जुन्या सिस्टिमला मी शुक्रवारी संध्याकाळी कुलूप लावतो. तोवर कुणी काय लिहिलं, ते येईल तसं पलीकडे जाईल. शेवटची ओळ म्हणजे खरंच शेवटची."

मी तडक पोत्यांमागे गेले. "मामा, नीट ऐक. साहेबाला उद्या गुरुवारी बाहेर दाखव. शुक्रवारी दुपारी आत घे. नवीन नाव, नवीन तारीख, पुढचे तीन महिने मोकळे. समजलं?"

"हो गं."

"उद्या बाहेर, परवा आत."

"हो म्हटलं ना. मी काय लहान आहे?"

मीच केलं असतं, पण त्या मशीनला मामाचाच अंगठा लागायचा. मामाचा अंगठा कापून नेता आला असता तर मी नेला असता.

गुरुवारी सकाळी विचारलं, केलंस? करतो. दुपारी विचारलं, केलंस? अगं जेवू तर दे. संध्याकाळी विचारायला गेले तर मामा एका पिल्लाच्या कानातलं गोचीड काढत होता आणि त्यानं मान न वळवता सांगितलं, "झालंच समज."

झालंच समज. हे दोन शब्द ऐकून मी घरी गेले, ही माझी अक्कल.

शुक्रवारी दुपारी मामा शीळ घालत आला. "झालं तुझं काम. काढला बाहेर."

"बाहेर काल काढायचा होता. आज आत घ्यायचा होता."

"काल अंगठा घेत नव्हतं मशीन. तेल लागलेलं होतं ना हाताला. आज सकाळी काढला. उद्या घेतो आत, त्यात काय?"

माझ्या हातात पाण्याचा पाइप होता. पुढचं मामाच्या शर्टाला विचारा.

भिजलेल्या मामाला ओढत मी डेटावाल्याकडे नेलं. "उद्या दुपारपर्यंत कुलूप लावू नका."

"बाकीच्या गावांचा मालही याच पाइपलाइनमधून येतो. तुमच्या एका कुत्र्यासाठी सगळी पाइपलाइन अडवून धरू?"

"धरा!"

"माझ्या हातात नाही ते." त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला. मी बिस्किट घेतलं. राग म्हणून दोन घेतली.

संध्याकाळी कुलूप लागलं. मामा ओल्या शर्टात उभा राहून काय म्हणाला असेल? "अगं, पण बघ ना, दत्तक गेलाय म्हटल्यावर तो यादीत येणारच नाही. गाडी त्याला नेणार कशी? उलट बरंच झालं."

"आणि पिंजरा? आणि खाणं? नव्या सिस्टिममध्ये माणशी, आपलं, कुत्र्यामागे पोत्यातलं माप ठरलंय. जो कुत्रा इथं नाहीच, त्याला काय तू स्वतःच्या डब्यातलं घालणार?"

"बघू."

मी घरी जाऊन आईशी भांडले. तिचा काही संबंध नव्हता, पण भाऊ तिचा होता.

सोमवारी सकाळी गाडी फाटकाशी लागली तेव्हा ऑफिसातला फोन बोंबलत होता. उचलला, ठेवला, की परत. डेटावाला खुर्चीत पांढराफटक बसला होता आणि शिंकतही नव्हता.

"काय झालं?"

"नवी सिस्टिम दत्तक झालं की मालकाला अभिनंदनाचा मेसेज पाठवते. सामान हलवताना ते बटण बंद ठेवायचं असतं."

"मग?"

"राहिलं."

म्हणजे जेवढी कुत्री आजवर इथून गेली, तेवढ्या सगळ्यांच्या घरी आज पहाटे अभिनंदन पोचलं होतं. त्याच्याकडे बघून मला मामाच आठवला. उंटावरून शेळ्या हाकणारे निदान उंटावर तरी असतात.

मॅडम पिंजरे बघत फिरत होत्या, म्हणून फोन माझ्या गळ्यात. एक जण विचारत होता, बक्षीस काय आहे. एक बाई ओरडत होती, आम्ही दुसरं कुत्रं मागितलेलंच नाही. मी पण ओरडले. मग एका आजोबांचा आला. ते हळू बोलत होते.

"आमची राणी गेल्या थंडीत गेली, बाळ. आज मेसेज आलाय, अभिनंदन, राणी आता तुमची. म्हणून म्हटलं विचारावं."

माझ्या तोंडात तयार असलेलं सगळं तिथंच विरघळलं. "चूक झालीय, आजोबा. मशीनची."

"वाटलंच. असू दे. नाव वाचलं सकाळी सकाळी, बरं वाटलं."

फोन ठेवला आणि मी डेटावाल्याला सांगितलं, आता तुम्ही उचला. माझ्यानं नाही होत.

तेवढ्यात आतून मॅडमची हाक आली. त्या साहेबाच्या पिंजऱ्यासमोर हातात टॅबलेट घेऊन उभ्या होत्या. "हा पिंजरा रिकामा आहे," त्या म्हणाल्या. आत साहेब बसून त्यांच्याकडे बघत होता. दोघांपैकी कोण जास्त मोठ्या हुद्द्यावर आहे ते सांगणं अवघड होतं.

मॅडमनी यंत्र फिरवून चिप वाचली. मालक म्हणून मामीचं नाव आलं. "दत्तक गेलेलं जनावर इथं काय करतंय? मामा!"

मामा पोत्यांमागून निघाला. "परत आलंय म्हणून आत घ्या की, मॅडम. बटण आहे ना परतीचं?"

"दाबू नका!" डेटावाला फोन तसाच टाकून धावत आला. "जुनीत परत आलं की नवीन नोंद व्हायची. ही आधीचा सगळा मुक्काम बेरजेत धरते. परत म्हणून दाबलंत की तो त्याच मिनिटाला गाडीच्या यादीत जातो."

गाडीचा ड्रायव्हर जाळीला टेकून ऐकत होता. "याला घ्यायचंय का नाही ते एकदाचं ठरवा. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

आणि फाटकाबाहेरून आवाज आला, "कुठंय तुझा मामा?"

मामी. फाटकाच्या बाहेर, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात छत्री, आणि ऊन-पाऊस काही नसताना छत्री समोर धरलेली, भाल्यासारखी. मामा परत पोत्यांकडे वळला. मी त्याची कॉलर धरली.

मामी तिथूनच मोठ्यानं वाचायला लागली. "अभिनंदन, मोती आता तुमचा. अभिनंदन, राजा आता तुमचा. अभिनंदन, टिपू आता तुमचा! नऊ! मला वाटलं, हा माणूस नऊ कुत्री घेऊन घरी येतोय. दाराला आतून टेबल लावून बसले होते मी! शेवटी म्हटलं जाऊन बघू तरी. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, मी भीक तरी कधी मागितली होती का रे?"

"नऊ नाहीत, मामी," मी म्हणाले. "एकच आहे." आणि फाटकाच्या अलीकडे उभी राहून सगळं सांगितलं. न ओरडता. कसं जमलं मलाच माहीत नाही.

मामीनं मामाकडे बघितलं. "माझ्या नावावर? एवढ्या वेळा? आणि एकदा विचारलं नाहीस?"

"तुझा एकच नंबर पाठ आहे मला," मामा म्हणाला.

"लाज वाटते का?"

"वाटते."

मॅडम पुढे आल्या. "बाई, तुम्ही हा कुत्रा परत करताय की ठेवताय? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

हो किंवा नाही! यांनी विचारावं! माझ्या जिभेवर असं काही आलं होतं, की नोकरी गेली असती. मी ते गिळलं, आत गेले, आणि साहेबाला दोरी लावून बाहेर आणलं. त्याला फाटकापाशी नेलं. तो जाळीच्या आत बसला, मामी जाळीच्या बाहेर छत्री घेऊन. गाडीचं मागचं दार उघडंच होतं.

"मामी, तू परत करते म्हणालीस तर तो आत्ता त्या गाडीत जाईल," मी म्हणाले. "तिथून कुणी येत नाही परत. तुला नकोच असेल तर तसं सांग. पण माहीत असू दे."

मामी गाडीच्या दाराकडे बघत राहिली. मग साहेबाकडे. तोही तिच्याकडे बघत होता, पण आज उद्या या म्हणत नव्हता. किंवा मलाच तसं वाटलं असेल.

"चावतो?"

"नाही," मी म्हणाले.

"भुंकतो?"

"कामाशिवाय नाही."

"केस गाळतो?"

"नाही," मामा म्हणाला. "गाळतो," मी म्हणाले. दोघं एकदमच बोललो. "खूप गाळतो, मामी. पोतंभर."

"बघ, ही खरं बोलते." छत्रीचं टोक मामाकडे वळलं. "कोण झाडणार?"

"मी."

"कधी?"

मामानं तोंड उघडलं. तो 'ब' त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"रोज सकाळी," मामा म्हणाला. "चहाच्या आधी."

मामीनं एक मोठा श्वास घेतला. "पलंगावर नाही. स्वयंपाकघरात नाही. आणि माझ्या मागे मागे नाही."

"मान्य," मामा म्हणाला.

"तुला नाही विचारलं. त्याला सांगतेय." मग ती मॅडमना म्हणाली, "ठेवतेय म्हणून लिहा. दुसऱ्याच्या हातानं नऊदा घेतला, आता दहाव्यांदा मी घेते. नाव काय याचं?"

"कुठलं सांगू?" मी म्हणाले.

मामीनं मोबाइल वर केला आणि अंगठ्यानं सरकवायला लागली. "मोती नको, मोती माझ्या आत्याकडे होता, त्यानंच मला चावलंय. राजा घरात एक आहे, काही कामाचा नाही. साहेब? मी घरात कुणाला साहेब म्हणणार नाही." थोडा वेळ सरकवत राहिली. "बंड्या. बंड्या चालेल."

साहेबानं पडलेला कान जरासा उचलला आणि परत सोडला. नोंद घेतली म्हणा.

"नाव बदललं तर नवी ओळ करू नका हं!" डेटावाला मागून ओरडला. "त्याच ओळीत बदला!" आणि सकाळपासून अडकलेल्या सगळ्या शिंका एकदम देत बसला. ड्रायव्हरनं दार आपटून बंद केलं.

मी फाटक उघडलं. पुढे मामी, मग दोरीभर अंतर सोडून साहेब, त्याच्या मागे खांद्यावर अर्धं पोतं घेतलेला मामा. कोपऱ्यापर्यंतही पोचले नसतील, मामी गर्रकन वळली. "मागे मागे येऊ नको म्हटलं ना!"

साहेब तिथंच बसला. भर रस्त्यात, समोर टेबल असल्यासारखा. मामा दोरी ओढायला लागला. मागे सायकलवाला खोळंबला, त्याच्या मागे दुधाची गाडी.

"आता काय हा उठेपर्यंत आपण थांबायचं?" मामी ओरडली.

"हो!" मी फाटकातून ओरडले. "त्याला घाई चालत नाही!"